गावाची शीव आणि राजपत्राची ओळ

‘तुमचे गाव कोणते?’ हा आपल्याकडचा पहिला प्रश्न. एस.टी.त शेजारी बसलेला माणूस नाव विचारण्याआधी गाव विचारतो. उत्तर देताना आपल्याला विचार करावा लागत नाही. पण तीन-चार वर्षांपूर्वी माझ्या मामांना हा प्रश्न कोणी विचारला तेव्हा ते क्षणभर थांबले. वऱ्हाडातल्या एका शहराच्या कडेला त्यांचे खेडे. चार एकर वावर, एक जुनी विहीर, दोन बैल. ते खेडे काही वर्षांपूर्वी शहराच्या हद्दीत गेले. मामा मला म्हणाले, “पाय बापू, राती निजलो तवा मी खेड्यात होतो, सकाऊन उठलो त शहरात. खाट त जागची हालली नाई!”

मी इतिहास शिकवतो. राज्ये बदलली, राजधान्या हलल्या, तह झाले, हे वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. पण माणूस आपल्या खाटेवर निजलेला असताना त्याच्या गावाची जात बदलते, हा इतिहासच आहे हे मला मामांच्या बोलण्याने उमगले. म्हणून आज खेड्यांतून नगरपालिका किंवा महापालिका कशी तयार होते, ती कोण करतो आणि कशाच्या बळावर करतो, हे आपल्याच अमरावती-अकोल्याची उदाहरणे घेऊन पाहू.

आधी थोडे मागे जाऊ. अचलपूरजवळ चम्मक नावाचे खेडे आहे. तेथे ताम्रपट सापडले आहेत. पाचव्या शतकातले, वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षाचे. त्यात मधुनदीच्या काठचे चर्मांक नावाचे गाव, भोजकट राज्यातले, एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याचा उल्लेख आहे. जमीन आठ हजार भूमी, तीही राजाच्या मापाने मोजलेली. हे गाव करमुक्त असेल, सैनिकांनी तेथे शिरू नये, अशा सवलती दिल्या आहेत. आणि पुढे अटी घातल्या आहेत: दान घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करू नये, लढाई करू नये आणि इतर गावांचा अपराध करू नये. असे झाले तर दान परत घेतले जाईल.

हा ताम्रपट मी मुद्दाम सांगतो. गावाचा दर्जा ठरविणारा लेखी हुकूम आपल्या भागाला नवा नाही, हे त्यातून दिसते. गाव तेच, नदी तीच, माणसेही बहुधा तीच. पण पत्र्यावर चार ओळी कोरल्या आणि त्या गावाचे कर, हक्क, जबाबदाऱ्या सगळे बदलले. आज तांब्याच्या पत्र्याऐवजी महाराष्ट्र शासनाचे राजपत्र आहे. एक फरक मात्र मोठा आहे, तो पुढे सांगतो. ताम्रपटातले भोजकट म्हणजेच आजचे भातकुली, असे काही अभ्यासक मानतात. त्या भातकुलीची हकीकतही पुढे येणारच आहे.

मधल्या काळात आपल्याकडे गाव म्हणजे काळी आणि पांढरी. पांढरी ही वस्तीची जागा; पिढ्यान्‌पिढ्या मातीची घरे पडून, पुन्हा उभी राहून तेथली माती पांढरट झालेली. काळी म्हणजे वावरे. या दोहोंना मिळून जी रेघ घेरते ती शीव. शिवेचा तंटा पडला तर वतनदार महाराची साक्ष मोलाची मानत, कारण शिवेचे दगड, बाभळी, नाले त्याला पाठ असत. काही वेळा दिव्य करूनही निवाडा होई. कागद थोडा आणि स्मरण फार, असा तो कारभार होता.

मोठ्या गावाला कसबा म्हणत, साध्या खेड्याला मौजे. सरकारला नवी पेठ वसवायची असेल तर शेटे-महाजनांना कौल दिला जाई, की अमुक वर्षे जकात माफ, या आणि दुकाने मांडा. म्हणजे शहर वसवायलाही हुकूम लागेच. पण त्या हुकुमाने शेजारच्या खेड्यांची शीव पुसली जात नसे. पेठ आपल्या जागी, खेडे आपल्या जागी.

अमरावतीचेच पाहा. पेंढाऱ्यांच्या धास्तीने व्यापाऱ्यांच्या रक्षणासाठी निजामाच्या अमलात १८०७ साली तिच्याभोवती दगडी परकोट बांधायला घेतला. त्या परकोटाच्या वेशी आणि खिडक्या आजही अमरावतीकर दाखवतात. एकीचे नाव खुनारी, कारण तिच्यापाशी १८१८ साली मोठी कत्तल झाली. परकोटाच्या आतले ते शहर, बाहेरचे ते रान, हा हिशेब साधा होता. शहराची हद्द डोळ्यांना दिसत होती, हाताला लागत होती.

पुढे कापूस आला. म्हणजे कापूस होताच, पण अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालू असताना इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची आठवण झाली. त्याच सुमारास आगगाडीही आली. मोठी लोहमार्गाची वाट अमरावतीला बगल देऊन बडनेऱ्यावरून नागपूरकडे गेली आणि अमरावतीला बडनेऱ्याहून एक फाटा मिळाला. ही बारीकशी गोष्ट लक्षात ठेवा. बडनेरा आणि अमरावती यांचे नाते त्या फाट्याने बांधले गेले आणि त्याचा हिशेब शंभरावर वर्षांनी राजपत्रात चुकता झाला.

परकोट मागे पडला. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, बाजार, बंगले वेशीबाहेर पसरले. आता शहराची हद्द भिंतीने ठरणे शक्य नव्हते. ती कायद्याने ठरवावी लागली. येथे वऱ्हाडची एक गंमत आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आले, पण मालकी निजामाचीच राहिली. त्यामुळे हिंदुस्थानच्या कायदेमंडळाचा कायदा येथे आपोआप लागू होत नसे. हैदराबादच्या रेसिडेंटामार्फत वऱ्हाडसाठी वेगळे नियम निघत. म्हणून १८८६ चा आमचा नगरपालिका कायदा इंग्रजीत ‘ॲक्ट’ नाही, ‘लॉ’ म्हणवला जाई. बाजाराच्या नियंत्रणाचेही तसेच. १८९७ चा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजारांचा कायदा हा देशातल्या या प्रकारच्या आरंभीच्या कायद्यांपैकी, आणि त्याच्याही आधी १८८६ मध्ये कारंज्याचा बाजार रेसिडेंसीच्या हुकुमाने नियंत्रित झाला. आपण मागासलेले म्हणून स्वतःला फार हिणवतो, पण या बाबतीत वऱ्हाड कोणाच्या मागे नव्हते.

१९०३ साली वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताला जोडला गेला. मग १९२२ चा मध्यप्रांताचा नगरपालिका कायदा वऱ्हाडलाही लागला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने आपल्याकडे तालुक्या-तालुक्याला जनपद सभा आल्या. जुन्या पिढीतल्या गुरुजींना हे नाव आठवेल. त्यांचा पगार जनपद सभेच्या हातून होई. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९६२ साली जनपद सभांच्या जागी जिल्हा परिषदा आल्या.

आता राज्य एक, पण नगरपालिकांचे कायदे तीन: मुंबईकडचा वेगळा, मराठवाड्याचा वेगळा, विदर्भाचा वेगळा. ते मोडून १९६५ साली महाराष्ट्राने एकच कायदा केला. तो पुढच्या दुरुस्त्यांसह आजही चालू आहे. आजचे त्याचे पूर्ण नाव लांब आहे: महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५. लोक बोलताना अजून ‘नगरपालिका’च म्हणतात, मीही तसेच म्हणेन. मोठ्या शहरांसाठी १९४९ चा वेगळा महापालिका कायदा आहे.

या कायद्यांच्या डोक्यावर राज्यघटना आहे. घटनेची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने तीन पायऱ्या ठरवल्या. खेड्याकडून शहराकडे निघालेल्या भागाला नगरपंचायत, लहान शहराला नगरपरिषद, मोठ्या शहराला महानगरपालिका. कोणता भाग कोणत्या पायरीचा हे राज्यपालांनी, म्हणजे व्यवहारात राज्य शासनाने, ठरवायचे. ठरवताना काय पाहायचे तेही सांगितले आहे. लोकसंख्या किती, ती किती दाट आहे, स्थानिक कारभारासाठी महसूल किती निघतो, शेतीखेरीज इतर कामांवर पोट भरणारे शेकडा किती, गावाचे आर्थिक महत्त्व काय.

यातला शेतीखेरीजच्या कामांचा मुद्दा मला सर्वांत बोलका वाटतो. कायद्याच्या नजरेने गाव आणि शहर यांतला खरा भेद पक्क्या घरांचा नाही, सिनेमा थिएटरचाही नाही. सकाळी माणसे वावराकडे निघतात की दुकान, कारखाना, कचेरीकडे, हा तो भेद आहे. आमच्या राज्याच्या कायद्यात नगरपंचायतीसाठी साधारणपणे दहा हजारांवर आणि पंचवीस हजारांपर्यंत लोकसंख्या धरली आहे. गाव मोठ्या शहराजवळ, म्हणजे पंचवीस किलोमीटरच्या आत असेल तर शेतीबाहेरच्या रोजगाराची अट सौम्य. दूर असेल तर कडक. नगरपरिषदांचेही वर्ग आहेत. एक लाखावर लोकसंख्या असेल तर ‘अ’, चाळीस हजारांवर एक लाखापर्यंत ‘ब’, त्याखाली ‘क’. अपवादही आहेत. चिखलदऱ्याची वस्ती २०११ च्या जनगणनेत सुमारे पाच हजार, म्हणजे वऱ्हाडातली कित्येक खेडी तिच्याहून मोठी. पण थंड हवेचे ठिकाण म्हणून तेथे नगरपरिषद आहे.

आता प्रत्यक्ष रीत पाहू. समजा शासनाला एखाद्या ग्रामपंचायतीची नगरपंचायत करायची आहे, किंवा दोन-तीन गावे जोडून नगरपरिषद करायची आहे. प्रथम उद्घोषणा निघते, म्हणजे ‘असे करण्याचा आमचा इरादा आहे’ असे जाहीर करणारा कागद. तो राजपत्रात छापतात, त्या भागात खपणाऱ्या निदान एका वर्तमानपत्रात देतात, कचेरीच्या फलकावर लावतात. त्यात नव्या हद्दीचे वर्णन असते. गट क्रमांक, सर्व्हे क्रमांक, पूर्वेस अमुक गावची शीव, पश्चिमेस अमुक नाला. वाचताना जुन्या खरेदीखतातली चतुःसीमा आठवते. भाषा किती पिढ्या टिकते पाहा!

उद्घोषणा निघाल्यापासून निदान तीस दिवसांची मुदत असते. तेवढ्या दिवसांत ज्याला हरकत असेल त्याने ती कारणांसह लेखी स्वरूपात जिल्हाधिकाऱ्याकडे द्यायची. जिल्हाधिकारी त्या हरकती शासनाकडे पाठवतो. शासन त्या पाहते आणि त्यांत तथ्य नाही किंवा त्या पुरेशा नाहीत असे ठरवले तरच शेवटची अधिसूचना काढते. त्या अधिसूचनेच्या तारखेला गावाचे शहर होते. ग्रामपंचायत संपते, सरपंच सरपंच राहत नाही, पंचायतीची मालमत्ता, तिचे येणे आणि देणे नव्या संस्थेकडे जाते. निवडणूक होईपर्यंत प्रशासक येतो. नगरपंचायतीत बहुधा तहसीलदारच. पुढे नगरपंचायतीचे सतरा प्रभाग पाडून सतरा नगरसेवक निवडले जातात.

ताम्रपटाशी मोठा फरक आहे असे मी म्हणालो, तो या तीस दिवसांत आहे. चर्मांकच्या लोकांना कोणी विचारले नव्हते. आज विचारावे लागते. पण नीट पाहा, कायदा गावाची संमती मागत नाही. गावाची हरकत ऐकून घ्यावी, एवढेच तो म्हणतो. ग्रामसभेने एकमताने ठराव केला तरी शेवटचा शब्द शासनाचा. संमती आणि हरकत यांत किती अंतर आहे, हे शेतकऱ्याला सांगायला नको. भूसंपादनात त्याने ते अनुभवलेले असते.

आणि ही हरकत घ्यायची तर आधी उद्घोषणा कळली पाहिजे. माझे मामा वर्तमानपत्र वाचतात, पण शेवटच्या पानावरची बारीक अक्षरातली जाहिरात वाचत नाहीत. पूर्वी कोतवाल दवंडी देई. बाई भाकर थापता थापता कान देई आणि सगळ्या गावाला बातमी कळे. मामांना गाव शहरात गेल्याचे कळले ते रोजगार हमीच्या कामाला गेलेला गडी परत आला तेव्हा. “आता आपलं गाव त्याच्यात बसत नाई म्हनते,” असे त्याने सांगितले. ग्रामीण रोजगार हमी ग्रामीण भागासाठीच होती, तेव्हा तो नियमाने बरोबरच होता. पण बातमी कळायची ही काय रीत झाली?

आता आपल्या दोन शहरांकडे वळू. १५ ऑगस्ट १९८३ रोजी अमरावती महानगरपालिका अस्तित्वात आली. अमरावतीची नगरपालिका होती, बडनेऱ्याची वेगळी नगरपालिका होती. त्या दोन्ही आणि भोवतीची खेडी एकत्र करून सुमारे १२१ चौरस किलोमीटरचे एक शहर कागदावर उभे केले. राहटगाव, नवसारी, शेगाव, वडाळी, सातुर्णा ही नावे आज अमरावतीच्या वस्त्यांची नावे म्हणून नवी पिढी ओळखते. एके काळी ती शीव असलेली गावे होती. बडनेऱ्याच्या लोकांना वाटणे साहजिक होते की आमच्या स्टेशनामुळे तुम्हाला गाडी मिळाली आणि आता आम्हीच तुमचा मोहल्ला झालो. आजही बडनेऱ्याचा माणूस ‘अमरावतीला जाऊन येतो’ असेच म्हणतो. चाळीस वर्षांत राजपत्राने ते क्रियापद बदललेले नाही.

महापालिका झाली १९८३ मध्ये, पण निवडून आलेले पहिले सभागृह बसायला आठ-नऊ वर्षे लागली. तोवर प्रशासक. म्हणजे राहटगावच्या माणसाने सरपंच गमावला आणि नगरसेवक त्याला लागलीच मिळाला नाही. मधली आठ-नऊ वर्षे तो कोणाच्या दारात गेला असेल? प्रशासक वाईट असतो असे मी म्हणत नाही. पुष्कळदा तो कामसू असतो. पण त्याच्या घरासमोर रात्री नऊला उभे राहून ‘साहेब, मोटर जळली’ असे म्हणता येत नाही. पुढे मार्च २०२२ मध्ये अमरावती आणि अकोला या दोन्ही महापालिकांची मुदत संपली, तेव्हाही नवी निवडणूक लांबत गेली आणि कारभार कित्येक वर्षे प्रशासकांच्याच हाती राहिला. घटनेने पाच वर्षांची मुदत घालून दिली असताना असे घडले, हे शाळेत नागरिकशास्त्र शिकवणाऱ्यांनी विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

अकोल्याची महापालिका १ ऑक्टोबर २००१ ला झाली. तेव्हा शहराचे क्षेत्र अवघे २८ चौरस किलोमीटरच्या आसपास होते. मोर्णेच्या दोन्ही काठांना दाटलेले शहर वाढत बाहेर गेले, पण हद्द तेथेच राहिली. मलकापूर, उमरी, खडकी, शिवणी, शिवर, भौरद, गुडधी, डाबकी, खरप ही गावे दिसायला शहर आणि दप्तराला ग्रामपंचायत. एकाच रस्त्याच्या अलीकडची नाली महापालिका उपसणार, पलीकडची पंचायत. शेवटी २०१६ मध्ये हद्दवाढ झाली, चोवीस ग्रामपंचायती शहरात आल्या आणि क्षेत्र चौपटीहून अधिक झाले. फेब्रुवारी २०१७ च्या निवडणुकीत या नव्या भागानेही मतदान केले आणि ऐंशी जागांच्या सभागृहात आपली माणसे धाडली. या बाबतीत अकोल्याचे नशीब अमरावतीपेक्षा चांगले म्हणायचे.

गावे शहरात यायला का तयार होतात, हेही समजून घेतले पाहिजे. सगळीच नाखुशीने येतात असे नाही. अकोला, अमरावतीचा पूर्णा खोऱ्यातला मोठा पट्टा खारपाणपट्टा आहे. विहिरीला पाणी लागते, पण ते पिण्याजोगे नसते. अकोट तालुक्याकडे ८४ खेड्यांची एकत्र पाणी योजना करावी लागली ती याच कारणाने. अशा मुलखात ‘शहराचा नळ’ हे शब्द कानाला गोड लागतात. काटेपूर्णेचे महान धरणाचे पाणी अकोल्याला, अप्पर वर्ध्याचे पाणी अमरावतीला. त्या नळाची एक तोटी आपल्याही अंगणात यावी असे बायामाणसांना वाटते, यात चूक काय? डोक्यावर घागर कोण वाहते, हे हरकत लिहिणाऱ्या पुरुषांनी विसरू नये. रस्ता, दवाखाना, घरबांधणीला रीतसर परवानगी, बँकेचे कर्ज हेही आहे. आणि हो, जमिनीचा भाव. चार एकर वावराचे चाळीस प्लॉट होतात तेव्हा घरात भाऊबंदकी आणि मोटारसायकल एकाच वेळी येते.

दुसऱ्या बाजूला कर वाढतो. ग्रामपंचायतीची घरपट्टी शेकड्यांत, शहराची हजारांत. तो एकदम चढू नये म्हणून नव्याने सामील झालेल्या गावांना काही वर्षे टप्प्याटप्प्याने आकारणी करण्याची सोय कायद्यात आहे. ज्याला ही सोय ठाऊक आहे तो मागतो, ज्याला नाही तो येईल ती पावती भरतो किंवा न भरता व्याज वाढवतो. ग्रामसभा जाते, हे मला सर्वांत मोठे नुकसान वाटते. आमच्या ग्रामसभा म्हणजे आदर्श नव्हेत. अर्धे लोक पारावरच बसून राहतात. तरी गावातल्या कोणत्याही मतदाराला उभे राहून हिशेब विचारता येईल अशी ती एकच जागा. नगरपालिकेत त्याला फक्त प्रतिनिधी असतो.

नगरपंचायतींचा वेगळा प्रवाह २०१४ नंतर आला. तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या ग्रामपंचायतींना नगरपंचायत करण्याचे धोरण राज्याने घेतले. अमरावती जिल्ह्यात तिवसा, भातकुली, नांदगाव खंडेश्वर आणि धारणी ही त्यांतली. २०१५ मध्ये तेथे नगरसेवकही निवडून आले. अकोला जिल्ह्यात पुढे बार्शीटाकळीची पाळी आली. म्हणजे ज्या भोजकटाचे नाव चम्मकच्या ताम्रपटात राज्य म्हणून आले, ते भोजकट आणि आजचे भातकुली एक असेल, तर दीड हजार वर्षांनी त्याला नगरपंचायत म्हणून नवा कागद मिळाला. तिवशाच्या तालुक्यात मोझरी आहे, तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज. खेडे हेच देशाचे मूळ मानून ज्यांनी १९५५ मध्ये ग्रामगीता दिली, त्यांच्या शेजारचे तालुक्याचे गाव आता कायद्याने खेडे राहिलेले नाही. महाराजांना याचे वाईट वाटले असते की स्वच्छ गटारे झाली तर आनंद वाटला असता, हे मी सांगू शकत नाही. गटारे आधी होऊ तर द्या!

दोन वस्त्या जोडून एक शहर करणे वऱ्हाडला नवीन नाही. ३० डिसेंबर १८०३ रोजी शिंदे आणि इंग्रज यांच्यात जो तह झाला तो सुर्जी-अंजनगावचा तह म्हणून पुस्तकात आहे. शहानूर नदीच्या काठची ही जोडवस्ती आज अंजनगाव सुर्जी नगरपरिषद आहे, आणि दोन्ही नावे पाटीवर शाबूत आहेत. अचलपूर आणि परतवाडा यांचेही तसेच. एक इमादशाहीची जुनी राजधानी, दुसरी इंग्रजांच्या काळातली लष्करी छावणी. आज नगरपरिषद एक, नाव अचलपूरचे. पण परतवाड्याच्या माणसाला ‘अचलपूरचे का?’ विचारून पाहा. अंजनगावकरांनी सुर्जीचे नाव सोडले नाही हा त्यांचा शहाणपणा मला आवडतो. नाव ठेवायला पैसे लागत नाहीत.

जपानने हे काम केवढ्या प्रमाणावर केले ते ऐकून चकित व्हायला होते. १८८८ च्या कायद्याने तेथल्या सुमारे ७१ हजार गावा-वस्त्यांच्या एका वर्षात १५,८५९ नगरे, शहरे आणि खेडी केली. हिशेब काय लावला होता? एका गावाला प्राथमिक शाळा आणि दप्तर स्वतःच्या बळावर चालवता यावे, म्हणून तीनशे ते पाचशे घरे हवीत. शाळा हे माप धरले होते. आमच्याकडे गाव शहर झाले तरी शाळा पुष्कळ ठिकाणी जिल्हा परिषदेचीच राहते. मग छप्पर गळले तर गुरुजींनी अर्ज कोणाला करायचा, याची टोलवाटोलवी सुरू होते. या वाचकांत जे शिक्षक असतील त्यांना मी यापेक्षा अधिक काय सांगू!

एक गोष्ट मात्र शिक्षकांपाशी मागायची आहे. ग्रामपंचायत संपते तेव्हा तिचे दप्तर शहराच्या कचेरीत जाते. कर वसुलीची रजिस्टरे नीट जातात, कारण त्यांत येणे असते. पण जुनी ठरावबुके, १९५९ च्या सुमारास नवा ग्रामपंचायत कायदा लागू झाल्यानंतरची, कोणाच्या कामाची? ती गठ्ठ्यात बांधली जातात आणि कोपऱ्यात वाळवी खाते. त्यांत गावाने पहिला दिवा कधी लावला, पहिली बोअर कोणाच्या दारात खोदली, दुष्काळात चारा कसा वाटला, हे सगळे असते. तुमचे गाव शहरात जाणार अशी कुणकुण लागली तर हरकतीच्या तीस दिवसांत एक हरकत अर्ज द्या, आणि एका रविवारी चार मुले घेऊन त्या ठरावबुकांच्या नकला करून घ्या. पाने पिवळी असतात, शाई उडालेली असते. मुलांचे डोळे तीक्ष्ण असतात.

मामांच्या गावचे शेवटचे ठरावबुक मला पाहायला मिळाले. पंचायतीच्या एका जुन्या शिपायाने ते कसेबसे जपून ठेवले होते. शेवटच्या पानावर दोनच ठराव आहेत. पहिला, पोळ्याच्या आखरावरची झुडपे तोडून जागा साफ करणे. दुसरा, शाळेजवळच्या हातपंपाची साखळी बदलणे, अंदाजे खर्च सहाशे रुपये. खाली सरपंचाची सही, सदस्यांच्या सह्या आणि दोन अंगठे. आखर साफ झाले होते, पोळा तेथेच भरला. हातपंपाची साखळी बदलली की नाही हे मी मामांना विचारले. ते म्हणाले, “बदलली ना. म्याच बदलली. सहाशे काई लागले नाई, साडेचारशात भागलं.”